‘आमच्याकडे बाळं लहानच असतात’ : यात हवामान किती आणि आपण किती?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बाळाचं वजन अपेक्षेपेक्षा कमी’ असं आलं की सोबत आलेलं एखादं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, “डॉक्टर, आमच्याकडे बाळं लहानच असतात. हिचा नवरासुद्धा दोन किलोचाच होता, आता बघा कसा आहे!” पुंडलिकनगर-गारखेडा भागात प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. अलीकडे त्याला शास्त्राचा मुलामाही मिळालाय. बर्फाळ प्रदेशातले लोक दणकट, त्यांची बाळंही मोठी. आपला मुलूख उन्हाचा, म्हणून आपली बाळं लहान. निसर्गानेच ठरवलंय, मग काळजी कशाला?

हे म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणून ते एका वाक्यात उडवून लावता येत नाही. आधी त्यातला खरा भाग बघू.

एका मोठ्या पातेल्यात आणि एका लहान वाटीत एकाच वेळी गरम वरण काढून ठेवा. वाटीतलं आधी गार होतं. वस्तू जितकी लहान, तितकी तिच्या वजनाच्या मानाने तिची उघडी बाजू जास्त, आणि उष्णता बाहेर जाते ती उघड्या बाजूनेच. बाळाचंही असंच आहे. दोन किलोचं बाळ साडेतीन किलोच्या बाळापेक्षा फार लवकर गार पडतं. थंड प्रदेशातल्या प्राण्यांचे देह मोठे असतात हे बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 मध्ये मांडलं. थंडीत हात-पाय-कान आखूड आणि धड भरदार असतं हे अ‍ॅलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1877 मध्ये सांगितलं. उत्तर ध्रुवाजवळ, ग्रीनलँड आणि कॅनडाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या इन्युइट लोकांची बांधणी साधारण अशीच आहे. (आपण शाळेत ज्यांना एस्किमो म्हणायला शिकलो ते हेच. त्यांना स्वतःला मात्र ते नाव आवडत नाही.) हजारो वर्षं जिथे बर्फातच बाळंतपणं झाली, तिथे ऊब टिकवू शकणारं बाळ जगण्याची शक्यता जास्त होती.

उन्हाच्या मुलखात गणित उलटं होतं. पोटातलं बाळ स्वतः उष्णता तयार करतं. त्याचं तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्त असतं, आणि ही उष्णता वारेतून आईच्या रक्तात जाऊन तिच्या त्वचेवाटे बाहेर पडते. बाहेर 42 अंश असताना आईचं शरीर स्वतःचीच उष्णता कशीबशी बाहेर टाकत असतं, त्यात बाळाची भर. अशा वेळी बाळ थोडं लहान असणं दोघांच्याही सोयीचं. जोनाथन वेल्स आणि टिम कोल या ब्रिटिश संशोधकांनी 2002 मध्ये जगातल्या 140 लोकसमूहांची जन्मवजनं आणि तिथला उष्मा यांची तुलना केली. जिथे उष्मा जास्त तिथे सरासरी जन्मवजन कमी, असं त्यांना दिसलं. इतर काही कारणं हिशोबात धरल्यावरही हा संबंध टिकला.

मग आजीबाई बरोबरच म्हणतात ना? माझं मत असं की त्यांच्या म्हणण्याचा छोटा भाग बरोबर आहे आणि मोठा भाग चूक. हे मी माझ्या मनाने म्हणत नाही. याची उत्तरं आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या खेड्यांत, नागपुरात आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये शोधली गेली आहेत. जगभरचे डॉक्टर ती वाचतात. आपण मात्र ती फारशी ऐकलेली नसतात.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. बाई गरोदर राहण्याआधीपासून तिची उंची, वजन, आहार, कामं यांची नोंद ठेवली, आणि नंतर तिच्या बाळाची. या मातांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन साधारण 42 किलो आणि उंची साधारण 152 सेंटिमीटर होती. गरोदरपणात रोजचा आहार 1800 किलोकॅलरींच्याही आत. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो आलं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरातल्या बाळांचं होतं 3.5 किलो.

खरी गंमत वजनात नव्हती. बाळाचा प्रत्येक भाग मोजल्यावर कळलं की पुण्याचं बाळ म्हणजे इंग्लिश बाळाची सरसकट छोटी प्रत नव्हे. त्याचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरची, कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच टिकून होती. याज्ञिकांनी या बाळाला ‘बारीक पण चरबीवालं’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि ते वैद्यकशास्त्रात रूढ झालं. गरम हवेसाठी निसर्गाने बाळ घडवलं असतं, तर त्याने चरबी कमी केली असती. चरबी म्हणजे गोधडी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी कुणी गोधडी राखून स्नायू कापेल का? हे चित्र उन्हाशी जुळवून घेण्याचं कमी आणि टंचाईत काटकसर करण्याचं जास्त वाटतं. पोटात मिळालं तेवढ्यात मेंदू वाचवला, थोडी चरबी राखली, आणि बाकीच्याला कात्री लावली.

ही काटकसर पुढे चाळिशीत वसूल होते. स्नायू कमी, पोटावर चरबी, आणि जेमतेम 65 किलो वजनाच्या माणसाला मधुमेह. आपल्या भागात असे पेशंट घरोघरी आहेत. ‘दोन किलोचा होता, आता बघा कसा आहे’ असं ज्याच्याबद्दल कौतुकाने सांगितलं जातं, त्या नवऱ्याची साखर एकदा तपासून घ्या, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ती चेष्टा वाटते. ती चेष्टा नसते.

आता नागपूर. उन्हाच्या बाबतीत नागपूर आपल्याला हार जाणारं नाही. ‘इंटरग्रोथ-21’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आठ देशांतल्या आठ ठिकाणी झाला. ऑक्सफर्ड, सिएटल, इटलीतलं ट्युरिन, ओमानचं मस्कत, नैरोबी वगैरे, आणि भारतातून नागपूर. निकष कडक होते. आई निरोगी, खाऊनपिऊन सुखी, शिकलेली, रक्त चांगलं असलेली. 2014 मध्ये निष्कर्ष आले. पोटातल्या बाळांची वाढ आणि जन्माच्या वेळची लांबी या सगळ्या ठिकाणी कमालीची सारखी निघाली. नागपूरच्या उन्हात आणि ऑक्सफर्डच्या थंडीत बाळाचं हाड जवळजवळ सारख्याच मापाने वाढलं, कारण दोन्हीकडे आईला पुरेसं मिळालं होतं.

यात एक गोष्ट लपवायची नाही. वजनात फरक उरलाच. नागपूरची बाळं लांबीला बरोबरीची असली तरी इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने हलकी होती. हा उरलेला फरक कशाचा? थोडा कदाचित हवामानाचा असेल. पण इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, तिथल्या थंडीत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मातांची बाळंही तिथल्या गोऱ्या मातांच्या बाळांपेक्षा हलकीच जन्मतात. हवा बदलली, पण बाळ लगेच बदललं नाही. आई स्वतः जेव्हा तिच्या आईच्या पोटात होती तेव्हाच तिच्या अंडाशयात तिची सगळी बीजं तयार झाली होती. म्हणजे आज तुमच्या मांडीवर असलेलं नातवंड ज्या बीजापासून झालं, ते बीज तुमच्या सुनेच्या आईच्या गरोदरपणात तयार झालं. त्या काळात दुष्काळ असेल, खाण्याची टंचाई असेल, त्याचा काही हिशोब आजच्या वजनकाट्यावरही येतो.

‘अडीच किलो’ हा आकडा कुठून आला तेही सांगण्यासारखं आहे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जोखमीचं, ही रेघ अर्व्हो इल्पो या फिनलंडच्या बालरोगतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुचवली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभर लागू केली. काहीजण विचारतात, बर्फातल्या डॉक्टरने आखलेली रेघ आम्हाला कशाला? प्रश्न रास्त आहे. दिवस पूर्ण भरलेलं, नीट दूध ओढणारं 2.4 किलोचं बाळ पाहून मी घाबरत नाही, आणि तुम्हीही घाबरू नका. पण म्हणून सगळी रेघच खाली सरकवायची, हे मला मान्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात ज्या बाळांचं वजन नोंदलं गेलं त्यांतली सुमारे 18 टक्के अडीच किलोच्या आत होती, आणि त्याच सर्वेक्षणात 52 टक्के गर्भवती महिलांमध्ये रक्त कमी होतं. रेघ खाली आणली तर पहिला आकडा लगेच सुधारेल. दुसरा तिथेच राहील.

उत्तरेकडच्या लोकांचं उदाहरण देणाऱ्यांनी त्यांची पुढची गोष्टही ऐकायला हवी. इन्युइट लोकांमध्ये चरबीच्या वापराशी संबंधित एका जनुकाचं वेगळं रूप फार मोठ्या प्रमाणात आढळतं. सील आणि मासे खाऊन राहणाऱ्यांना ते कधीकाळी उपयोगी पडलं असावं. पण ते असलेल्या तान्ह्या बाळाला आजारपणात दूध कमी गेलं तर त्याची साखर धोकादायक वेगाने उतरते. म्हणजे निसर्गाशी जुळवून घेणं फुकट नसतं, आणि परिस्थिती बदलली की तेच अडचणीचं होतं. शिवाय कॅनडातल्या आदिवासी मातांची चार किलोंच्या वरची बाळं आता नुसती थंडीची देणगी राहिलेली नाहीत. त्यामागे बऱ्याचदा आईचा मधुमेह असतो. दुकानातली साखर आणि पीठ तिथे पोचलं, त्याचं हे फळ. तिथे मोठ्या बाळाचं श्रेय थंडीला देऊन चालत नाही, तसंच इथे लहान बाळाचा दोष उन्हाला देऊन चालत नाही.

पुण्याच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी निघाल्या, आणि त्या आपल्या हातातल्या आहेत. पहिली आहाराची. ज्या माता पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं मोठी होती. एकूण किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याचा संबंध जास्त स्पष्ट दिसला. महागड्या प्रोटीन पावडरचे डबे घेऊन येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. मेथी, तांदुळजा, शेपू, अंबाडी, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध, चालत असेल तर अंडं. दुसरी कामाची. ज्या बायकांवर शेतकामाचा आणि पाणी आणण्याचा भार जास्त, त्यांची बाळं लहान.

पाणी म्हटलं की या शहराला वेगळं काही सांगायला नको. जायकवाडी भरलेलं असतं तेव्हाही आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. तो आला की टाकी, ड्रम, हंडे भरायचे, दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायच्या, आणि हे काम घरातली बाईच करते, मग तिला कितवाही महिना असो. वर पत्र्याची खोली. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली जी गरोदर बाई पोळ्या लाटते, तिच्यासाठी हवामान हा अभ्यासाचा विषय राहत नाही. बाळंतपणातल्या उष्म्यावरच्या जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान एका अंशाने वाढलं की दिवस भरण्याआधीच प्रसूती होण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी वाढते, आणि उष्णतेच्या लाटेत सुमारे 16 टक्क्यांनी. आफ्रिकेतल्या गांबिया देशात शेतात राबणाऱ्या 92 गर्भवतींना काम करताना तपासलं, तेव्हा उष्मा अंशाअंशाने वाढताना पोटातल्या बाळावर ताण पडल्याची लक्षणंही वाढताना दिसली. शरीर तापलं की रक्त कातडीकडे धावतं आणि गर्भाशयाला कमी मिळतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

इथे मला त्या ‘निसर्गाची योजना’वाल्या विचाराचा सगळ्यात जास्त राग येतो. शरीर उन्हाशी जुळवून घेतं हे खरं, पण त्याला हजारो वर्षं लागतात. आपला उन्हाळा गेल्या काही दशकांत बदललाय. आणि सातव्या महिन्यातल्या बाईला उन्हात हंडे वाहायला लावणं ही निसर्गाची योजना नाही. ती आपल्या घराची आणि आपल्या महापालिकेची आहे.

काय केल्याने किती फरक पडतो, याबद्दलही खोटी आशा द्यायची नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी हजारो बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला, वडा-समोशासारखा एक पदार्थ खायला दिला. 2014 मध्ये निकाल आला. ज्या बायकांनी गरोदरपणाआधी किमान तीन महिने खाणं सुरू केलं होतं, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी फक्त 48 ग्रॅमने वाढलं. फार बारीक असलेल्या बायकांमध्ये तर फायदा दिसलाच नाही. पण गरोदरपणातला मधुमेह जवळपास निम्म्याने कमी झाला. मला या अभ्यासातून दोन गोष्टी दिसतात. वजनकाट्यावरचा आकडा म्हणजे बाळाचं सगळं आरोग्य नव्हे. आणि पाचव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या सुमारास खाऊ घालायला लागणं म्हणजे उशीर. सुरुवात मुलगी वयात येते तेव्हाच करावी लागते.

आणि त्या मुलीचं लग्न सतराव्या वर्षी लावू नये. त्या वयात तिची स्वतःची वाढ चालू असते, आणि मग एकाच ताटात दोघांची वाटणी होते. राज्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के बायकांची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधी झालेली आहेत, आणि बीड, जालना, आपला जिल्हा या बाबतीत सरासरीच्या वर आहेत. ‘आमच्याकडे बाळं लहानच असतात’ असं म्हणणाऱ्या घरात मी हल्ली सुनेचं वय आणि तिचं लग्नाआधीचं वजन आधी विचारतो.

सरकारनेही थोडं करावं. आदिवासी भागात गरोदर बाईला अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. चांगली योजना आहे. पण मुकुंदवाडी-चिकलठाण्याच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी, कंपनीत उभ्याने आठ तास काम करणारी गर्भवती तिच्यात बसत नाही. भूक काही पत्ता विचारून येत नाही.

एक धोक्याची सूचना दुसऱ्या टोकाची. हे वाचून कुणी सुनेला वाटीवाटीने तूप आणि डिंकाचे लाडू चारायला लागलं, तर माझा लेख फुकट गेला. दिवस भरत आल्यावर साखर-तुपाने वाढते ती बहुतेक चरबी, आणि ती आपल्या बाळांकडे आधीच पुरेशी असते. तसंच, लहान बाळ जन्मलं म्हणून त्याला डब्याचं दूध पाजून ‘बाळसेदार’ करण्याची घाई नको. हळूहळू, आईच्या दुधावर वाढू द्या. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी घाबरायचं कारण नसतं. आणि ‘कमी खा, म्हणजे बाळ लहान राहील आणि डिलिव्हरी सोपी होईल’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. कृपया तो देऊ नका.

उन्हाळ्यात दिवस जात असतील तर साधे नियम पाळा. अकरा ते चार पाणी भरणं, धुणं, गच्चीवरचं वाळवण ही कामं दुसऱ्याने करावीत. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या किंवा ओली गोणपाटं टाका. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दर तासाला. दुपारी तासभर डाव्या कुशीवर पडणं हा आळस नव्हे. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘उन्हामुळे असेल’ म्हणत थांबू नका, तपासून घ्या.

आणि बाळ लहानच जन्मलं तर? तर ते वाटीतलं वरण आठवा. आपला मुलूख गरम म्हणून बाळाला थंडी वाजत नाही, असं समजू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, आणि लहान बाळ तर पंख्याखालीसुद्धा गार पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब, लवकर स्तनपान, जंतुसंसर्गाची वेळेत ओळख आणि उपचार. त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटले, असं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे ना काचेची पेटी होती, ना मोठं हॉस्पिटल. आशाताई आज घरी येऊन बाळाचं वजन आणि ताप बघतात, त्याची मुळं या कामात आहेत. त्यांना दारातून परत पाठवू नका.

लहान बाळाला टोपी-मोजे घाला, पहिले काही दिवस अंघोळ घालू नका, आणि उघड्या अंगाने आईच्या छातीशी, वर पांघरूण घेऊन, जितका वेळ जमेल तितका ठेवा. आई थकली तर बाबांनी किंवा आजीने घ्यावं, ऊब सगळ्यांचीच चालते. बाळाचे तळपाय हाताला गार लागले तर लगेच छातीशी धरा. पोटही गार लागत असेल, अर्ध्या-एक तासात ऊब येत नसेल, किंवा बाळ दूध ओढायला कंटाळा करत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी घाटीत किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. सकाळची वाट बघू नका.